बर्फाने पाठ फिरवलेला जानेवारी: औली आणि गुलमर्ग, एक प्रकरण अभ्यास

स्कीइंगला जायचं ठरलं की आपल्याकडच्या घरांत पहिला प्रश्न सुट्टीचा निघतो, दुसरा पैशांचा. बर्फ असेल का, हे सहसा कुणी विचारत नाही. जानेवारी आहे, हिमालय आहे, म्हणजे बर्फ असणारच. जानेवारी २०२४ मध्ये हे गृहीतक पार कोलमडलं. गुलमर्गच्या ज्या मैदानात त्या दिवसांत गुडघा बुडेल एवढा बर्फ असतो, तिथे पिवळं पडलेलं गवत दिसत होतं. तिकडे उत्तराखंडात औलीचे उतारही तसेच तपकिरी होते. काश्मीरचे नेते ओमर अब्दुल्ला यांनी आधीच्या वर्षांचे फोटो टाकून लिहिलं की हिवाळ्यात इतकं कोरडं गुलमर्ग आपण कधी पाहिलं नव्हतं. ते फोटो आमच्यापर्यंत पोचले तेव्हा आमची तिकिटं काढून झाली होती.

आम्ही गेलो. आधी औली, मग गुलमर्ग. एकाच हिवाळ्यात, एकाच फेरीत, त्याच माणसांनी दोन्ही ठिकाणं पाहिली, म्हणून ही तुलना करता येते. चांगल्या बर्फात दोन ठिकाणांची तुलना करणं सोपं असतं, पण त्यातून फारसं काही हाती लागत नाही. बर्फ भरपूर असला की लिफ्टची आखणी, उताराची दिशा, शिकवणाऱ्यांचं कौशल्य हे सगळं त्याखाली झाकलं जातं. बर्फ कमी पडला की मगच ठिकाणाचा खरा सांगाडा दिसतो.

कोण गेलं होतं आणि कशासाठी

पुण्याहून निघालेलो आम्ही पाच जण. आई, सत्तरी ओलांडलेली, तिला फक्त बर्फ डोळ्यांनी बघायचा आणि हाताने उचलायचा होता. बहिणीची दोन मुलं, भाचा नववीत आणि भाची सातवीत. दोघांना स्कीइंग शिकायचं होतं आणि त्यांनी याआधी कधी पायात स्की घातलेली नव्हती. एक मित्र, जो वर्षानुवर्षं स्कीइंग करतो आणि कुठल्याही उतारावरून नीट खाली येतो. आणि मी. तयार केलेल्या उतारावर मला चांगलं जमतं, मोकळ्या डोंगरात जपून.

ही रचना मुद्दाम सांगते आहे. "बर्फ कुठे जास्त होता?" असा प्रश्न परत आल्यावर सगळ्यांनी विचारला. त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं: गुलमर्गला. पण त्या उत्तराचा या पाचांतल्या एकालाच उपयोग होता. बाकीच्यांसाठी प्रश्न वेगळा होता: जो काही बर्फ आहे तो नेमका कुठे पडलेला आहे, तिथपर्यंत मी पोचू शकते का, आणि पोचल्यावर तिथून माझ्या बेताने खाली येऊ शकते का? माझ्या मते कमी बर्फाच्या वर्षात ठिकाण निवडताना दुसरं काही विचारायचं कारणच नाही.

बर्फ का नव्हता

हिमालयाच्या पश्चिम भागातला हिवाळी बर्फ पश्चिमी झंझावातांवर अवलंबून असतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेल्या कमी दाबाच्या या लाटा इराण, अफगाणिस्तान ओलांडत येतात आणि डोंगरांना अडून बर्फ टाकतात. डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ चे पहिले तीन-साडेतीन आठवडे जोरदार असा एकही झंझावात या भागावर टिकला नाही. ते वर्ष एल निनोचंही होतं, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून जगभरचं हवामान बदलतं तसं. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा 'चिल्लई कलां' असतो, थंडीचा सर्वांत कडक काळ. याच काळात पडलेला बर्फ घट्ट बसतो आणि उन्हाळ्यापर्यंत पुरतो. तो काळच कोरडा गेला. रात्री थंडी होती, दिवसा लख्ख ऊन होतं, आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बर्फ नसलेला हिवाळा म्हणजे उबदार हिवाळाच, असं नाही. दोन्ही ठिकाणी रात्री पारा शून्याखाली जात होता, सकाळी नळाला बांधलेल्या पाइपात पाणी गोठलेलं असे. अडचण थंडीची नव्हती, ओलाव्याची होती. हा फरक पुढे कृत्रिम बर्फाच्या मुद्द्याला लागू पडतो.

दोन ठिकाणांत मुळातला फरकही आहे. गुलमर्ग पीर पंजाल रांगेच्या उत्तर अंगाला, साधारण ३४ अंश अक्षांशावर. पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावाताच्या वाटेवर ते आधी लागतं. औली त्याच्या बरंच आग्नेयेला, साडेतीस अंशांवर. तिथे पोचेपर्यंत बऱ्याच लाटांचा जोर ओसरलेला असतो. त्यामुळे चांगल्या वर्षातही औलीचा हंगाम आखूड असतो आणि वाईट वर्षात आधी मार तिलाच बसतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये औलीतली राष्ट्रीय स्कीइंग स्पर्धा बर्फाअभावी रद्द करावी लागली होती. म्हणजे २०२४ चा कोरडा जानेवारी तिथल्या लोकांना नवा नव्हता.

औली

हृषीकेशहून जोशीमठ साधारण अडीचशे किलोमीटर. एरवी जोशीमठातून औलीला रोपवेने जायचं असतं, सुमारे चार किलोमीटरचा तो रोपवे आशियातल्या लांब रोपवेंपैकी एक. पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात जमीन खचायला लागली, आठशेहून अधिक घरांना तडे गेले, आणि तेव्हापासून रोपवे बंद. आम्ही टॅक्सीने वर गेलो. वर्ष उलटलं तरी वाटेतल्या काही भिंतींवर प्रशासनाने मारलेल्या लाल फुल्या दिसत होत्या. आई गाडीत गप्प झाली. तिला तोवर जोशीमठ म्हणजे शंकराचार्यांचं पीठ आणि बद्रीनाथच्या वाटेवरचा मुक्काम एवढंच ठाऊक होतं. बर्फ नाही म्हणून कुरकुर करणाऱ्या आम्हा पर्यटकांपेक्षा त्या गावाचं दुखणं किती मोठं आहे, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटर उंचीवर आहेत, बहुतेक उत्तराभिमुख. दिशा फार महत्त्वाची. जानेवारीत सूर्य दक्षिणेला खाली असतो, त्यामुळे उत्तरेकडे उतरणाऱ्या अंगावर ऊन तिरकं आणि थोडाच वेळ पडतं. बांज (ओक) आणि देवदाराच्या कडेने, सावलीत, डिसेंबरातल्या किरकोळ बर्फाचे पट्टे अजून टिकून होते. उघड्या उतारावर मात्र गवत. ज्या उतारावर आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या मान्यतेने शर्यती होऊ शकतात, त्याच्यावर मधूनमधून पांढरे तुकडे होते.

आमच्या शिक्षकाने मुलांना अशाच एका सावलीतल्या पट्ट्यावर नेलं. रुंदी म्हणाल तर दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढी. सकाळी पोचलो तेव्हा दोन स्थानिक मुलं झाडांमागच्या खळग्यातून फावड्याने बर्फ काढून खताच्या रिकाम्या पोत्यांत भरत होती आणि ती पोती ओढत आणून पट्ट्यातल्या उघड्या जागी ओतत होती. मग बुटांनी तुडवून दाबायचं. जिथे दगड वर आला होता तिथे देवदाराची फांदी रोवून ठेवलेली. फांदी दिसली की अलीकडेच थांबायचं, हा पहिला धडा. भाचीने विचारलं, "पण मला थांबताच येत नाही तर?" शिक्षक म्हणाला, "इसीलिए तो पहले रुकना सिखाएँगे, बेटा. चलना बाद में."

आणि त्याने तेच केलं. आडव्या पायऱ्या टाकत उतार चढणं, पडल्यावर स्की उताराला आडव्या करून उठणं, स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या लांब करून वेग मारणं. नव्या माणसाला पहिल्या दिवसांत हेच लागतं आणि याला बर्फ फार लागत नाही. वीस-पंचवीस पावलांचा पट्टा पुरतो. पुढे मात्र गाडी अडते. वळण शिकायला उतार रुंद लागतो, कारण वळताना नवखा माणूस बाजूला बराच वाहवत जातो. त्या पट्ट्यावर वळायचं म्हटलं तर झाडात किंवा गवतात. त्यामुळे मुलं थांबायला शिकली, वळायला नाही.

दुसरी मर्यादा वेळेची. दिवसा वरचा थर वितळे आणि रात्री गोठे, त्यामुळे सकाळी पट्टा काचेसारखा कडक. साडेदहाच्या सुमारास जरा मऊ व्हायचा, दुपारी एकनंतर त्याचा लगदा व्हायचा. कामाची वेळ मधली तेवढीच. अनुभवी शिक्षक ती वेळ ओळखतो. आमच्या शिक्षकाने सकाळी लवकर येण्याचा मुलांचा हट्ट साफ मोडला आणि ते बरोबरच होतं. कडक बर्फावर मनगट मोडायला एक पडणं पुरेसं असतं.

मित्रासाठी औलीत काहीच नव्हतं. चेअर लिफ्ट सुमारे आठशे मीटर लांब, ती जिथे सोडते त्याच्या वर लिफ्टने जाण्याची सोय नाही. तो पायी वरच्या गोरसोन बुग्यालाकडे, म्हणजे डोंगरातल्या गवताळ कुरणाकडे, जाऊन आला. तिथेही सलग बर्फ नव्हता.

आईची मात्र चंगळ झाली. कोरड्या हवेत धुकं नाही, ढग नाहीत. नंदादेवी, द्रोणागिरी, हाथी पर्वत, सगळी शिखरं सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडी. बर्फाच्या चांगल्या हंगामात जाणाऱ्यांना कित्येकदा ढगांमुळे काही दिसत नाही. ७,८१६ मीटरची नंदादेवी हॉटेलच्या गच्चीत खुर्ची टाकून बघता येत होती आणि पायाखाली निसरडं नव्हतं. बर्फ हातात घ्यायची तिची इच्छा झाडामागच्या खळग्यातल्या बर्फाने भागवली. बर्फ कमी असण्याचा फायदा झाला असा त्या फेरीतला हा एकच माणूस.

गुलमर्ग

श्रीनगरहून टंगमर्ग आणि तिथून वर तेरा किलोमीटर. एरवी जानेवारीत टंगमर्गला गाडी थांबवून चाकांना साखळ्या बांधतात. त्या दिवशी आमची गाडी कोरड्या रस्त्याने सरळ वर गेली. गुलमर्गचं मैदान साधारण २,६५० मीटरवर. तिथे घोडेवाले होते, चार चाकी मोटारबाइकवाले होते, आणि घसरगाडी भिंतीला टेकवून उन्हात बसलेले स्लेजवाले होते. फेरनच्या, म्हणजे लांब सैल झग्याच्या, आत कांगडी (निखाऱ्यांची टोपली) घेऊन बसलेल्या अशा एका चाचांनी आईला हाक मारली, "माँजी, इस बार पहियों वाली स्लेज बनवा लूँ क्या?" हसले, पण डिसेंबरपासून मार्चपर्यंतच्या कमाईवर वर्ष काढणाऱ्या माणसाचं ते हसू होतं. आई त्यांच्याशी बराच वेळ बोलत बसली.

गुलमर्गची खरी ताकद गंडोलात, म्हणजे बंद पाळण्यांच्या रोपवेत आहे. पहिला टप्पा मैदानातून कोंगडोरीपर्यंत, साधारण ३,१०० मीटर. हा १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा कोंगडोरीपासून अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटर. हा २००५ मध्ये. म्हणजे माणूस मैदानातून बसल्या जागी सुमारे तेराशे मीटर वर जातो. हवेचं तापमान दर हजार मीटरला ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरतं. त्या हिशेबाने वरचं टोक मैदानापेक्षा आठेक अंशांनी थंड. औलीत उताराच्या तळापासून माथ्यापर्यंतचा फरक जेमतेम साडेतीन अंश. गुलमर्गपाशी शिडी आहे, औलीपाशी एकच पायरी: खालची पायरी कोरडी पडली तर गुलमर्गला वर सरकता येतं, औलीला जागाच उरत नाही.

आणि बर्फ होताच वर. अफरवटच्या अंगावर पांढरं दिसत होतं. सगळ्या प्रवाशांनाही ते दिसत होतं, म्हणून गंडोलाची रांग प्रचंड. एरवी लोक मैदान, खालचे छोटे उतार, पहिला टप्पा, दुसरा टप्पा असे विखुरतात. त्या जानेवारीत सगळ्यांना वरच जायचं होतं. ऑनलाइन तिकीट असूनही अर्धी सकाळ रांगेत गेली.

मुलांचं काय झालं? गुलमर्गचे शिकाऊ उतार मैदानात आहेत, सर्वांत खाली. तेच उघडे पडले होते. स्कीवर उभ्या माणसाला ओढत वर नेणाऱ्या छोट्या ड्रॅग लिफ्ट गवतावर नुसत्या उभ्या. म्हणजे बर्फ होता, पण तो शिकणाऱ्याच्या डोक्यावर तेराशे मीटर उंच. तिथे त्याला नेणं धोक्याचं: दुसऱ्या टप्प्याच्या वरून खाली येणारा उतार तीव्र आहे, उघडा आहे, आणि तयार केलेला नाही. शिक्षकाने मुलांना कोंगडोरीला नेलं. तिथे थोडे पट्टे होते, औलीपेक्षा मोठे. पण त्याच पट्ट्यावर बर्फात फोटो काढायला आलेले शेकडो लोक होते. मुलं स्की घालून उभी राहायची आणि समोरून कुणीतरी लहान मूल घेऊन आडवं यायचं. रांगेचा वेळ, गर्दीचा वेळ वजा केला तर औलीच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यावर त्यांचा सराव जास्त झाला, यात मला शंका नाही.

मित्राची गोष्ट उलट. भाड्याने स्की देणाऱ्या दुकानदाराने त्याला नीट बघितलं, कुठे जाणार विचारलं, आणि आतून एक जुनी जोडी आणली. वरचा रंग उडालेला, तळाला आधीच चरे, पण कडा नीट घासलेल्या. नव्या जोडीला हात लावू दिला नाही. "ऊपर से सफ़ेद दिखता है, साहब. नीचे सब पत्थर है." मित्राला हे मनापासून आवडलं. पातळ बर्फात हीच जोडी योग्य, आणि ती स्वतःहून देणारा दुकानदार डोंगर जाणतो.

संध्याकाळी त्याने ती उलटी करून दाखवली. उजव्या स्कीच्या तळाला बोटाच्या पेराएवढा लांब, खोल, ताजा चर. दगड दिसला नव्हता; वाऱ्याने आणून बसवलेला दोन-तीन बोटं बर्फ त्याच्यावर होता, एवढंच. त्याने वरचा भाग स्कीने केला, वारा जिथे बर्फ साठवतो अशा घळीच्या कडेने, गाईड बरोबर घेऊन. खालचा भाग सोडून दिला आणि आडवं येत गंडोलाच्या थांब्याकडे परत. अशा दिवसांत खाली येण्यासाठी लिफ्ट वापरणं यात कमीपणा नाही. ज्यांना ते जमत नाही त्यांचे गुडघे दगडांवर फुटतात. एवढं करूनही त्याचा दिवस चांगला गेला. त्याला मिळालेला डोंगर औलीच्या अख्ख्या उतारापेक्षा मोठा होता.

मी त्याच्याबरोबर वर गेले, थोडं पाहिलं, आणि गंडोलानेच उतरले. आई कोंगडोरीच्या वर आली नाही. जवळपास चार हजार मीटरवर एकदम जाणं सत्तरीच्या माणसाला मानवेलच असं नाही, आणि ती सक्ती करण्यासारखं वर काही नव्हतं.

कृत्रिम बर्फाचा प्रश्न

औलीच्या माथ्यावर एक कृत्रिम तळं आहे. २०११ च्या जानेवारीत पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा उत्तराखंडात झाल्या, त्यासाठी औलीत बर्फ तयार करणारी यंत्रं आणली गेली; तळं त्यांना पाणी पुरवायला. आम्ही गेलो तेव्हा तळ्याच्या काठाला बर्फाची पापडी धरलेली होती, पण उतारावर यंत्राने तयार केलेला बर्फ नव्हता.

मला हे फार लागलं. कारण तो हिवाळा नेमका यंत्रांसाठीच होता. बर्फाची तोफ पाण्याचे बारीक थेंब हवेत उडवते. हवा कोरडी असेल तर थेंबातलं थोडं पाणी वेगाने उडून जातं आणि उरलेला थेंब भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होतो, त्यामुळे शून्याच्या आसपासच्या तापमानातही तो गोठून खाली पडतो. दमट हवेत हेच व्हायला बरीच जास्त थंडी लागते. जानेवारी २०२४ मध्ये औलीत रात्री थंड होत्या आणि हवा खडखडीत कोरडी. अख्ख्या डोंगराला पुरेल असा बर्फ यंत्रं देऊ शकत नाहीत आणि तशी कुणाची अपेक्षाही नाही. पण शिकाऊ उताराचा शंभर-दीडशे मीटरचा एक रुंद पट्टा एवढं जरी झालं असतं, तर माझी भाचरं वळायला शिकली असती, आणि पोत्यांनी बर्फ वाहणाऱ्या त्या दोन मुलांचे श्रम वाचले असते.

यात पाणी लागतं, वीज लागते, वर्षभर यंत्रांची देखभाल करणारी माणसं लागतात. स्पर्धेपुरतं सामान आणलं आणि स्पर्धा संपली की सोडून दिलं, तर दोन-तीन हिवाळ्यांत पंप आणि पाइप निकामी होतात. शिवाय ज्या डोंगराखाली जोशीमठासारखं खचणारं गाव आहे तिथे माथ्यावर पाणी साठवणं आणि उतारावर मुरवणं किती सुरक्षित, हे आधी भूवैज्ञानिकांना विचारायला हवं. मी यंत्रांच्या बाजूची आहे, पण हा प्रश्न बाजूला सारून नव्हे.

गुलमर्गला यंत्रांची गरज कमी आहे असं म्हणतात, कारण वर बर्फ असतो. मला हे पटत नाही. वरचा बर्फ तयार स्कीअरसाठी आहे. बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून एकटा गेलेला आरिफ खान याच टंगमर्ग-गुलमर्ग भागातला. असे खेळाडू अफरवटवर सुरुवात करत नाहीत, खालच्या सोप्या उतारांवर करतात. जानेवारीत ते उतार बर्फाविना राहिले की त्या वर्षीच्या लहान मुलांचा हंगाम निम्म्यावर येतो.

पैसे

थोडक्यात. एका प्रवासी कंपनीने औलीचं आरक्षण रद्द करायला नकार दिला. करारात "बर्फाची हमी नाही" असं लिहिलेलंच होतं. गुलमर्गच्या हॉटेलने तारीख पुढे ढकलायची तयारी दाखवली. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतील, पण पुढच्या वेळी तारीख बदलता येते का, हे मी दरापेक्षा आधी विचारणार. शिक्षकांचे पैसे आम्ही ठरल्याप्रमाणे पूर्ण दिले. बर्फ न पडणं हा त्यांचा दोष नव्हता आणि पट्ट्यावर त्यांनी एरवीपेक्षा जास्त मेहनत घेतली.

नंतर काय झालं

जानेवारीच्या अगदी शेवटी झंझावात आले. गुलमर्ग पांढरं झालं, औलीतही बर्फ पडला. फेब्रुवारीत बर्फ वाढत गेला आणि २१ ते २५ फेब्रुवारीला गुलमर्गमध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा ठरल्याप्रमाणे झाल्या. मित्राला लगेच परत जायचं होतं. इथे या प्रकरणाचा सर्वांत गंभीर भाग येतो.

पातळ बर्फ आणि निरभ्र थंड रात्री यांचं मिश्रण बर्फाच्या आतून काम करतं. जमिनीलगतचा बर्फ शून्याच्या आसपास असतो, वरचा पृष्ठभाग रात्री खूप थंड होतो. थर जेमतेम वीतभर असेल तर एवढ्या थोड्या अंतरात तापमानाचा मोठा फरक पडतो. खालून वर जाणाऱ्या बाष्पामुळे तळाचे कण मोठे, कोनदार, सुटे होतात. मुठीत घेतले तर दाणेदार साखरेसारखे ओघळतात, गोळा वळत नाही. मित्राने अफरवटवर गाईडबरोबर खड्डा खणून पाहिला तेव्हा तळाला हेच दाणे मिळाले. अशा कमकुवत पायावर पुढे मीटरभर नवा बर्फ एकदम येऊन बसला की तो अख्खा थर फळीसारखा सुटू शकतो. म्हणजे कोरड्या जानेवारीचा धोका जानेवारीत नसतो, फेब्रुवारीत असतो, नेमका जेव्हा सगळे "आला एकदाचा बर्फ" म्हणून धावतात तेव्हा.

२२ फेब्रुवारी २०२४ ला, स्पर्धा चालू असतानाच, गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलन झालं आणि एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ ला, अफरवटच्या अंगावर दोन पोलिश स्कीअर असेच गेले होते. हे सगळे परदेशातून खास मोकळ्या डोंगरात स्कीइंग करायला आलेले होते. मित्राने बेत रद्द केला नाही, पण बदलला: ताज्या मोठ्या बर्फानंतर लगेच वर जायचं नाही, गाईडशिवाय जायचं नाही, आणि स्की पेट्रोल (उतारांवर सुरक्षेची गस्त घालणारं पथक) जिथे नजर ठेवतं त्या गंडोलाच्या मुख्य पट्ट्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. हिमस्खलनात हरवल्यावर शोधता येईल असा ट्रान्समीटर त्याने विकत घेतला आणि वापरायचा सरावही केला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो गेला आणि त्याला हवं तसं स्कीइंग मिळालं.

मुलांचा प्रश्न तारखांचा होऊन बसला. २०२५ मध्येही हिवाळा उशिरा आला. गुलमर्गच्या खेलो इंडिया स्पर्धा २२ फेब्रुवारीला सुरू व्हायच्या होत्या, त्या बर्फाअभावी पुढे ढकलून ९ ते १२ मार्चला घ्याव्या लागल्या. आणि त्याच वर्षी आपल्या राज्य मंडळाची दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीपासून होती. भाचा दहावीला. बर्फ मार्चकडे सरकतो आहे आणि पेपर फेब्रुवारीत, त्यामुळे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना नाताळची सुट्टी किंवा प्रजासत्ताक दिनाची जोडसुट्टी एवढंच उरतं, आणि बर्फाची खात्री तेव्हाच सर्वांत कमी.

म्हणून भाच्याचा बेत परीक्षा संपेपर्यंत लांबला. मार्चअखेर औलीच्या उतारांवर भरवसा ठेवता येत नाही. मैदानातले गुलमर्गचे उतारही तोवर ओले होतात. कोंगडोरीच्या उंचीवर मात्र बर्फ टिकण्याची शक्यता राहते, आणि मार्चअखेर जानेवारीसारखी गर्दी नसते. भाचीला, जिला तेव्हा बोर्ड नव्हतं, फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात औलीला त्याच शिक्षकाकडे पाठवायचं ठरलं. निघायच्या आधी चार दिवस त्याला फोन करायचा, आणि त्याने "अभी मत आओ" म्हटलं तर तिकीट बदलायचं.